बाईंची सेव्ह न होणारी फाइल

आमच्या छापखान्यात पानं लावण्याचं काम ज्या बाई करायच्या, त्यांना तोंडावर सगळे नुसतं ‘बाई’ म्हणायचे आणि पाठीमागे ‘करवत’. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा बांधणीखात्यातला एक जण बेसावधपणे दारातूनच ओरडला, “करवत आली का रे?” बाई पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, “आली. ये, तुझं काय कापायचंय?” तो माणूस पुढे कितीतरी दिवस वरच्या मजल्यावर फिरकला नाही.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर मुद्रितं तपासायचो. म्हणजे त्यांनी लावलेल्या पानांतल्या चुका शोधणं हेच माझं काम. तेव्हा आमचं सूत जुळण्याचा प्रश्नच नव्हता. चूक दाखवली की त्या आधी मूळ कागद मागवायच्या, मग चष्मा पुसायच्या आणि मग म्हणायच्या, “तुम्हाला दुसरं काही काम नाही का?” चूक मात्र दुरुस्त व्हायची, मी जेवायला गेलो की.

त्या विशीत असताना इथे लागल्या. तेव्हा पानं कॉम्प्युटरवर लागत नसत. मजकुराच्या पट्ट्या ब्लेडने कापून, मागे डिंक लावून तक्त्यावर सरळ रेषेत चिकटवायच्या. त्यांच्या डाव्या अंगठ्यावर त्या ब्लेडचा आडवा व्रण होता. पुढे कॉम्प्युटर आले. बरोबरीचे लोक घाबरून निघून गेले, बाई त्या यंत्राशी भांडत भांडत शिकल्या. वडील लवकर गेलेले, धाकट्या भावाला यांनीच वाढवलेलं. लग्न केलं नाही. भाऊ, भावजय आणि त्या, असे तिघे एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत राहायचे. भावजयीशी त्यांचं एका इस्त्रीच्या टेबलावरून वाजलं होतं, ते काही मिटलं नव्हतं.

आमच्याकडे येणारं काम किचकट. औषधांच्या डब्यात घडी घालून ठेवतात ती पत्रकं, यंत्रांच्या सुट्या भागांचे कॅटलॉग. अक्षर मुंगीएवढं, आकडे हजारो. बाईंचा हात त्यात बसलेला होता आणि तोंडही त्याच वेगाने चालायचं.

मग मालकांचे गुडघे गेले. जिना चढणं होईना, म्हणून त्यांनी एकुलत्या एक मुलीच्या नवऱ्याला कारभार बघायला आणलं. ते आधी कुठल्याशा मोठ्या कंपनीत होते. तिथून ते आपणहून निघाले की त्यांना काढलं, यावर खाली यंत्रखात्यात बरीच चर्चा व्हायची. आल्या आल्या त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे खोलीत काचेचं पार्टिशन टाकून स्वतःची केबिन केली. त्या काचेच्या पलीकडे खोलीतली एकुलती एक खिडकी गेली, आणि तोवर त्या खिडकीशी असलेलं बाईंचं टेबल अलीकडे आलं. दुसरं म्हणजे पानं लावण्याचं जुनं सॉफ्टवेअर काढून नवं आणलं.

“बाई, ते जुनं तुमच्या जमान्यातलं होतं,” ते सगळ्यांसमोर म्हणाले.

“माझा जमाना अजून चालू आहे,” बाई म्हणाल्या. “तुमचा कधी सुरू होतोय ते बघू, जावईबापू.”

बाकी सगळे त्यांना साहेब म्हणायचे. ‘जावईबापू’ ऐकलं की त्यांच्या मानेवर लाल चट्टा उठायचा. तो उठलेला बघायला बाईंना फार आवडायचं. त्यामुळे दिवसातून पाच-सहा वेळा तरी हाक ठरलेली.

बाईंना पहिल्या दिवसापासून वाटत होतं की हा माणूस आपल्याला घालवायला आलाय. आज ना उद्या आपली एखादी फाइल गायब करेल, आणि बोट आपल्याकडे दाखवेल. भावाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याला त्यांनी घरी जेवताना सांगितलं.

“ताई, एवढंच ना?” भाऊ म्हणाला. “एक पेनड्राइव्ह देतो. त्यात एक छोटा प्रोग्रॅम आहे. कॉम्प्युटरच्या मागे लावून ठेव. तू जी फाइल उघडशील तिची आपोआप नक्कल काढत राहील. कुणाला पत्ता लागणार नाही.”

“लागता कामा नये,” बाई म्हणाल्या.

भावजय तेवढ्यात म्हणाली, “वन्सं, सरळ सरळ भांडून घ्या की. चोरून कशाला?” त्यावर त्या दोघींचं पुन्हा वाजलं आणि मूळ विषय मागे पडला. पेनड्राइव्ह मात्र दुसऱ्या दिवशी बाईंच्या कॉम्प्युटरच्या मागे, धुळीत आणि वायरींच्या गुंत्यात लागला. हे आम्हाला सगळं नंतर कळलं. तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

पेनड्राइव्ह लागला तेव्हा अजून जुनंच सॉफ्टवेअर होतं, त्यावर काही झालं नाही. नवं आलं त्याच आठवड्यात त्रास सुरू झाला.

पानावर काम करायचं, सेव्हची कळ दाबायची, आणि पडद्याच्या मधोमध एक चौकट यायची: फाइल सेव्ह करता आली नाही, अनपेक्षित अडचण. बस. कसली अडचण, कुणामुळे, काही नाही. पुन्हा दाबलं की कधी व्हायची, कधी नाही. सकाळभर सुरळीत, आणि दुपारी लागोपाठ चार वेळा नाही. फाइल मोठी असली की जास्त म्हणावं, तर एका पानाचं पत्रकही अडायचं. यात काही नियमच दिसेना, आणि त्यानेच डोकं जास्त फिरायचं.

बाईंनी मग नवं नाव देऊन सेव्ह करायला सुरुवात केली, कारण नव्या नावाने बहुतेक वेळा व्हायची. नावं आधी ‘अंतिम’, ‘अंतिम दोन’ अशी सभ्य होती. पुढे ती बिघडत गेली. ती फाइल फक्त त्यांच्याच कॉम्प्युटरवर राहायची आणि काम पुरं झालं की त्या नीट नाव देऊन पुढे पाठवायच्या, म्हणून आत काय लिहितात हे बघणारं कुणी नव्हतं. निदान त्यांना तसं वाटत होतं.

जावईबापूंनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. तो आला, टेबलाखाली शिरला, भिंतीतून येणारी केबल बदलली, व्हायरसवाला प्रोग्रॅम बंद करून पाहिला, डिस्क तपासली. तो उभा असेपर्यंत फाइल दर वेळी मुकाट्याने सेव्ह झाली.

“यात काही नाही हो,” तो म्हणाला. “बाई कळ जोरात दाबत असतील.”

“तुमच्या कानाखाली दाबून दाखवू का, किती जोरात दाबते ते?” बाई म्हणाल्या.

तो जिना उतरला आणि पुढच्याच पानाला चौकट आली. बाईंनी खिडकीकडे जाऊन त्याला वरून हाका मारल्या असत्या, पण खिडकी काचेच्या पलीकडे होती. त्यावरून आणखी वाद झाला.

हळूहळू दोघांनी एकमेकांशी थेट बोलणंच सोडलं. एकाच खोलीत, मध्ये एक काच, तिचं दार उघडं, आणि निरोप्या मी.

“त्यांना विचारा, आज किती पानं झाली.”

“त्यांना सांगा, त्यांच्या लाडक्या सॉफ्टवेअरने सेव्ह केली तेवढी झाली.”

“त्यांना सांगा, बाकी कुणाकडे हा त्रास नाही.”

“त्यांना सांगा, बाकी कुणी कामच करत नाही.”

मला एकही वाक्य पोचवावं लागायचं नाही. दोघांनाही स्पष्ट ऐकू यायचं. तरी माझ्याकडे बघून बोलायचे आणि मी मधल्या मध्ये मान डोलवत बसायचो.

अशात शिवणयंत्रांच्या एका कंपनीचा कॅटलॉग आला. सुई धरणाऱ्या स्क्रूपासून पायडलच्या पट्ट्यापर्यंत प्रत्येक भागाचं चित्र, चित्रावर बाणांनी क्रमांक, खाली तक्ता. दोरा ताणणाऱ्या भागाचं एक पान होतं. स्प्रिंगा, चकत्या, तारेचे हूक, सगळे उलगडून हवेत तरंगल्यासारखे काढलेले. बाईंनी सकाळपासून दुपारपर्यंत त्यावर बाण लावले. सेव्ह करताना चौकट आली. नवं नाव दिलं, पुन्हा चौकट. तिसऱ्यांदा सॉफ्टवेअर मिटूनच गेलं. उघडून पाहिलं तर पान कोरं, फक्त एक स्प्रिंग शिल्लक.

बाई उठल्या आणि माउस वायरसकट उपटून केबिनमध्ये गेल्या. तो त्यांनी जावईबापूंच्या टेबलावर आपटला.

“घ्या. तुम्हीच करा आता.”

“हे तुम्ही मुद्दाम करताय,” जावईबापू कितीतरी दिवसांनी थेट त्यांच्याकडे बघून म्हणाले. “सॉफ्टवेअर नको होतं ना तुम्हाला? ते वाईट ठरावं म्हणून हे सगळं चाललंय.”

“मी? माझ्याच हाताने माझंच पान घालवीन? डोकं ठिकाणावर आहे का?”

“तुमचं काय सांगावं! तुम्ही हट्टाला पेटलात की घरही जाळाल.”

“घर जाळायला ते आधी स्वतःचं असावं लागतं,” बाई म्हणाल्या. “सासऱ्याचं असून चालत नाही.”

खालची यंत्रं चालू होती, तरी हे खालपर्यंत ऐकू गेलं. मालकांना फोन गेला. ते संध्याकाळी आले, दोन माणसांच्या खांद्यांवर हात टाकून जिना चढले आणि माझ्या खुर्चीवर बसले. दोघांचं ऐकून घेतलं. मालकांना ऐकू कमी यायचं की ते गरजेपुरतंच ऐकायचे, हे आजवर कुणाला कळलेलं नाही.

“उद्या सुटी आहे,” ते म्हणाले. “दोघांनी यायचं. काय बिघडलंय ते दोघांनी मिळून शोधायचं. सापडेपर्यंत दुसरं काम नाही.” मग माझ्याकडे वळले. “आणि तू मध्ये बस. मारामारी होऊ देऊ नको.”

सुटीच्या दिवशी छापखाना विचित्र शांत होता. यंत्रांची थरथर नसल्यामुळे खुर्ची सरकवल्याचा आवाजही मोठा वाटत होता. बाई वेळेआधी आल्या होत्या. जावईबापूंनी एक पद्धत ठरवून आणली होती, आणि खरं सांगायचं तर ती चांगली होती. एकच जुनं पान घ्यायचं, त्यात एक बाण हलवायचा, सेव्ह करायचं, आणि हेच पुन:पुन्हा. दर थोड्या वेळाने कॉम्प्युटरवर चालू असलेली एकेक गोष्ट बंद करायची. चौकट यायची थांबली की शेवटी बंद केलेली गोष्ट गुन्हेगार.

“हे तरी तुम्ही स्वतः शोधून काढलंत का?” बाई म्हणाल्या.

“तुम्ही कळ दाबा,” जावईबापू म्हणाले.

केबल काढली, चौकट आली. फाइल नेहमीच्या फोल्डरऐवजी दुसऱ्याच फोल्डरमध्ये ठेवली, चौकट आली. व्हायरसवाला प्रोग्रॅम बंद. प्रिंटर बंद. पडद्यावर घड्याळाशेजारी दिसणारे बारीकसारीक सगळे प्रोग्रॅम बंद. फाइलचं नाव छोटं केलं, फाँट बदलले. चौकट येतच राहिली, आपल्या मर्जीने, कधी दहा वेळा नाही आणि मग लागोपाठ दोनदा.

“आता काय चालू राहिलं?” जावईबापूंनी विचारलं.

“काही नाही,” बाई म्हणाल्या.

“काहीच नाही?”

“तुम्हाला दिसतंय ना पडद्यावर? मग विचारता कशाला?”

थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, मागे वायर सैल वाटतेय. त्या टेबलामागे गेल्या, वाकल्या, काहीतरी खुडबुड केली आणि हात झटकत परत आल्या. पुन्हा कळ दाबायला लागल्या. या वेळी बराच वेळ चौकट आली नाही. बाईंचा चेहरा उतरला. मला वाटलं दमल्या. आता कळतं की त्यांना तेव्हाच उमगलं होतं: आपल्या फाइलचा गळा आपणच धरला होता.

आणि तेवढ्यात चौकट आली.

मी त्यांच्याकडे बघत होतो. बाईंचा उतरलेला चेहरा एकदम सावरला. त्या खुर्चीत ताठ झाल्या आणि त्यांनी वळून जावईबापूंकडे बघितलं.

“तुमच्याकडून काही चालू आहे का?”

“माझ्याकडून? तुमच्या कॉम्प्युटरवर? माझा काय संबंध?”

“नाही, आपलं विचारलं.”

“विचारायचं तर स्वतःला विचारा,” जावईबापूंचा आवाज चढला. “कामाच्या फाइलना काय वाट्टेल ती नावं द्यायची आणि वर सॉफ्टवेअरला नावं ठेवायची! ‘मेल्या आता तरी हो’ हे काय फाइलचं नाव झालं? ‘जावयाचा हट्ट तीन’? कंपनीला हे पाठवणार होतात?”

बाईंचं कळेवरचं बोट तिथेच थांबलं.

“ही नावं,” बाई अगदी हळू म्हणाल्या, “तुम्हाला कुठून कळली?”

जावईबापूंच्या मानेवर लाल चट्टा उठला. तो कानापर्यंत गेला.

“त्या फाइली माझ्या कॉम्प्युटरच्या बाहेर कधी गेल्या नाहीत. यांनाही दाखवल्या नाहीत.” त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “कुठून कळली?”

जावईबापू उठले. मग केबिनमध्ये गेले, आपला कॉम्प्युटर उघडला आणि बाजूला झाले. बाई गेल्या. मीही गेलो. पडद्यावर एक फोल्डर होतं आणि त्यात बाईंच्या पडद्याची शेकडो चित्रं, शिवाय त्यांच्या प्रत्येक फाइलची नक्कल. बाई मुद्दाम बिघाड करतात याचा पुरावा हवा म्हणून त्यांनी तो नजर ठेवणारा प्रोग्रॅम बाई नसताना बसवला होता. पुराव्याऐवजी चित्रामागून चित्रात एकच दिसत होतं: अर्धवट पान, मधोमध ती चौकट, आणि चौकटीच्या ‘ठीक आहे’ या बटणावर थांबून राहिलेला माउसचा बाण.

“बंद करा,” बाई म्हणाल्या.

त्यांनी तो प्रोग्रॅम बंद केला. मग दोघं परत टेबलाशी आले आणि बाईंनी कळ दाबायला सुरुवात केली. एकही चौकट आली नाही. मी मोजणं सोडून दिलं तरी त्या दाबत राहिल्या.

“मघाशी मध्येच कमी झालं होतं,” जावईबापू म्हणाले. “तुम्ही मागे जाऊन आल्यावर.”

मला वाटलं बाई नाकबूल होतील. कबूल करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. पण त्यांनी पर्स उघडली आणि धुळीने माखलेला पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

“हा माझा. तुम्ही माझी फाइल गायब कराल म्हणून लावला होता.”

“म्हणजे सुरुवात तुम्ही केलीत!”

“मी माझ्या फाइलची नक्कल काढत होते. तुम्ही माझी काढत होतात.”

घडत होतं ते असं. नवं सॉफ्टवेअर सेव्ह करताना जुनी फाइल बाजूला सारून तिच्या जागी नवी ठेवायचं. नेमक्या त्याच क्षणी बाईंचा प्रोग्रॅम नक्कल काढायला फाइल धरून बसला असेल तर ती हलायची नाही, आणि सॉफ्टवेअर हात टेकायचं. जुनं सॉफ्टवेअर फाइल जागच्या जागीच लिहायचं, म्हणून तेव्हा कधी अडलं नाही. पुढे जावईबापूंचा प्रोग्रॅम आला आणि फाइल धरणारे दोघं झाले. जितकी चौकट जास्त तितका संशय जास्त, आणि संशय वाढला तशा दोघांनीही आपापल्या प्रोग्रॅमला नकला आणखी भराभर काढायला लावल्या होत्या.

मालक दुपारी आले. काय सापडलं, त्यांनी विचारलं. जावईबापूंनी “केबलचाच काहीतरी” असं म्हणायला तोंड उघडलं होतं. बाईंनी ते वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

“केबल नाही. एक चोर मी, एक तुमचा जावई,” त्या म्हणाल्या, आणि सगळं सांगून टाकलं. स्वतःचं आधी सांगितलं, हे मी मान्य केलं पाहिजे.

मालक बराच वेळ गुडघ्यावर हात फिरवत बसले. “एकमेकांची माफी मागा,” शेवटी म्हणाले.

“चुकलं,” जावईबापू जमिनीकडे बघत म्हणाले.

“पेनड्राइव्ह लावला, हे माझं चुकलं,” बाई म्हणाल्या. “माफी मी त्या पानाची मागीन. यांची नाही. आणि यांनी मागितलेली मला नको. जो माणूस पाठीमागून माझा पडदा बघत होता त्याच्याबरोबर मी या खोलीत काम करणार नाही.”

“मग कुठे करणार?”

“दुसरीकडे. शिवाय मला खिडकी नाही.”

मालकांनी त्यांना जाऊ दिलं नाही आणि जावयालाही काढलं नाही. एकीच्या हातावर कॅटलॉग उभा होता, दुसऱ्याच्या घरात मुलगी दिली होती. त्यांनी काय केलं, तर त्याच आठवड्यात सुतार बोलावून काचेचं पार्टिशन काढून टाकलं. जावईबापूंचं टेबल बाईंच्या टेबलासमोर, तोंडाला तोंड लावून मांडलं. कुणीही कुणाच्या मागे बसायचं नाही. काय बघायचं ते समोरून.

“ही शिक्षा कुणाला आहे?” जावईबापूंनी मला एकदा विचारलं. मी म्हणालो, “तिघांना. मी मध्येच बसतो.”

कॅटलॉग वेळेत गेला. दोरा ताणणाऱ्या भागाचं पान बाईंनी पुन्हा पहिल्यापासून लावलं, आणि त्यातली एक चूक मी काढली तेव्हा मूळ कागद न मागवता दुरुस्त केली. भावाचा पेनड्राइव्ह त्यांनी घरी नेऊन त्याच्या ताटाशेजारी ठेवला. भावजय म्हणाली, “मी सांगितलं होतं.” त्यानंतर महिनाभर त्या घरात जेवताना कुणी बोललं नाही.

ते दोघं वर्षानुवर्षं तसेच समोरासमोर बसले. एकमेकांवर कधी माया आली नाही. जावईबापू पाणी प्यायला लागले की बाई भुवया चढवायच्या, बाई शिंकल्या की ते खिडकी उघडायचे. मध्ये कॉम्प्युटर बदलले, सॉफ्टवेअर पुन्हा बदललं. तेव्हा मात्र दोघं आधीपासून एका बाजूला बसून जुनं-नवं ताडून बघायचे, आणि फटाफट एकमेकांच्या चुका काढायचे.

एकदा मालकांची मुलगी काही कामाने वर आली होती. नवरा बाहेर गेलेला. ती बाईंच्या टेबलाशी उभी राहिली आणि हसत हसत म्हणाली, “कसे आहेत हो आमचे हे, कामाला?”

बाईंनी चष्मा काढून पुसला.

“काम येतं त्यांना,” त्या म्हणाल्या. “माणूस कसा आहे ते मला विचारू नकोस. ते बघायला तू आहेस.”